मी ताऱ्याचा हिशेब केला

मित्रांनो, विजेशिवाय चालणारे, हाताने हँडल फिरवायचे एक गणकयंत्र आज तुमच्याशी बोलत आहे. माझे अंग लोखंडाचे, रंग राखाडी आणि वजन एवढे की मला एका हाताने उचलू पाहणाऱ्याची फजिती होते. पुढच्या बाजूला खुंट्या आहेत. त्या सरकवून आकडा मांडायचा, हँडल पुढे फिरवले की बेरीज, मागे फिरवले की वजाबाकी. उत्तर खालच्या छोट्या खिडक्यांत दिसते. गुणाकार हवा असेल तर पुन्हा पुन्हा पुढे फिरवायचे, भागाकार हवा असेल तर मागे, आणि तेव्हा एक फेरा जास्त झाला की माझी घंटी वाजते. एवढेच मला येते. पण एवढ्या विद्येवर मी एका ताऱ्याच्या पोटात डोकावून आले आहे, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

माझी जुळणी दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाली. तिथून मी नाशिकला, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कचेरीत आले. केंद्र तेव्हा नवे होते. किती कोळसा जळला, किती वाफ झाली, किती वीज निघाली, याचा हिशेब मी करत असे. साहेब लोक माझ्यासाठी रांग लावत. "मशीन रिकामं झालं का?" हा प्रश्न मी रोज ऐकत असे आणि मनातून फुलून जात असे.

मग पाच-सहा वर्षांनी बटणांची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. ती तळहातावर मावत आणि आवाजही करत नसत. एका आठवड्यात माझी रवानगी फायलींच्या कपाटावर झाली. माझ्या पाठीवर कोणीतरी चहाचा कप ठेवू लागले. त्या कपाचा गोल डाग अजूनही माझ्या अंगावर आहे.

तिथून मला खाली उतरवले ते सावळीराम दोंदे यांच्यामुळे. ते बॉयलरवर कामाला होते. मूळचे सायखेड्याचे, पण नाशिकरोडच्या वसाहतीत राहत. त्यांची मुलगी लता नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवत होती. घरातली पहिली पदवीधर तीच. तिला हिशेबाला यंत्र हवे आहे हे त्यांना माहीत होते. त्यांनी साहेबांना विचारले, कॉलेजने रीतसर मागणी केली आणि मी मोकळे झाले. सावळीरामांनी मला एस.टी.त मांडीवर घेतले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, खाली ठेवा की, पाय अवघडतील."

"राहू द्या," ते म्हणाले. "पोरीच्या अभ्यासाचं हाय."

लता दोंदे पीएच.डी.साठी ताऱ्यांवर संशोधन करत होत्या. मला वाटले, आता दुर्बीण दिसेल, गच्ची दिसेल. तसे काहीच नव्हते. गणित विभागात एक टेबल, एक फळा, खूप कागद आणि मी. लताबाई तारा डोळ्यांनी बघत नव्हत्या. समीकरणांनी बघत होत्या. सुट्टीत परवानगी काढून त्या मला घरी नेत, तेव्हा त्यांच्या आईने, विठाबाईंनी, एकदा भाकरी थापता थापता विचारले, "अगं, तारा तो केवढा, आणि तू ह्या कागदावर काय करतेस त्याचं?"

"आई, पातेल्यात पाणी ठेवलं की आधी ते गप्प असतं ना? खालून तापतं, पण हलत नाही. मग एका वेळेला खालचं पाणी वर आणि वरचं खाली यायला लागतं."

"हं. आधण यायच्या आधी."

"ताऱ्याच्या पोटातही तसंच होतं. तिथं पाण्याच्या जागी तापलेला वायू असतो. शिवाय तारा स्वतःभोवती फिरतो. खालच्या-वरच्या उष्णतेत किती फरक पडला की तो वायू खळबळायला लागेल, तो आकडा मी काढतेय."

विठाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "काढ. पण जेवून काढ."

रविवारी आणि पाळी नसेल त्या दिवशी सावळीराम माझ्याजवळ बसत. लताबाई आकडे वाचत, ते खुंट्या सरकवत आणि हँडल फिरवत. खिडक्यांत आलेले उत्तर ते एक एक आकडा सुटा करून मोठ्याने सांगत. त्या लिहून घेत. असे महिनोन् महिने चालले. पावसाळ्यात माझे दाते जड होत, तेव्हा ते शिवणयंत्राचे तेल आणून थेंब थेंब सोडत. वीज केंद्रात माझी वाट पाहणारे पुष्कळ होते, पण माझी काळजी घेणारे पहिले हे दोघे.

आणि एके दिवशी आकडा हाती आला.

तो आला तेव्हा लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेल्फावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढले. परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न आधी सोडवला होता. त्याचा आकडा त्या पुस्तकात छापलेला होता आणि सगळे जग तोच वापरत होते. आमचा आकडा त्याच्यापेक्षा बराच लहान होता. म्हणजे आमच्या हिशेबाने ताऱ्यातली खळबळ कितीतरी लवकर सुरू व्हायला हवी होती.

त्यांनी सगळे पुन्हा केले. तोच आकडा आला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मित्रांनो, ती नजर मला लागली. त्यांना माझी शंका आली होती. त्यांनी उत्तर आधीच ठाऊक असलेले मोठमोठे गुणाकार माझ्यावर करून पाहिले. मी जीव ओतून फिरले. एकही आकडा चुकला नाही.

"मशीन बरोबर आहे, बाबा," त्या म्हणाल्या.

"मग तू चुकलीस का?"

"तेच कळत नाहीये."

त्यांचे मार्गदर्शक म्हणजे त्याच विभागाचे प्रमुख, गायधनी सर. त्यांनीच लताबाईंना एफ.वाय.पासून शिकवले होते. माणूस सरळ, शिस्तीचा आणि सावध. त्यांनी पाने चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "लता, तुझी बाकीची प्रकरणं उत्तम आहेत. हे एवढं वगळ. बाकीच्यावर तुला पदवी मिळेल."

"सर, यात चूक कुठं आहे?"

"मला सापडली नाही. पण परीक्षक पुस्तकातला आकडा बघतील आणि मग तुझा. कोणावर विश्वास ठेवतील ते? मग शंकेचं बोट तुझ्या सगळ्या कामावर रोखलं जाईल. इतक्या वर्षांची मेहनत आहे तुझी."

लताबाईंनी पाने गोळा केली. "चूक दाखवलीत तर आज वगळते, सर. नाही तर मला दिवाळीपर्यंत द्या."

गायधनी सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत. पण नुसता आकडा आणू नकोस. दुसऱ्यांदा केला, दहाव्यांदा केला, असं सांगू नकोस. आकड्याला आकडा भिडवून भांडण मिटत नाही. कारण आण."

त्या दिवसापासून माझे काम थांबले. लताबाईंनी माझ्यावर कापड टाकले आणि कोऱ्या कागदांकडे वळल्या. मला फार वाईट वाटले. मला वाटले, पुन्हा कपाट, पुन्हा चहाचा कप. मी शेजारीच होते, पण माझी गरजच नव्हती, कारण त्या कागदांवर आकडे फारसे नव्हतेच. अक्षरे होती, चिन्हे होती आणि बरीच खाडाखोड होती. तारा बाजूला राहिला होता, वायूही बाजूला राहिला होता, उरले होते निव्वळ गणित. त्या लिहीत, थांबत, पान चुरगाळत, पुन्हा लिहीत. कॉलेजचे तास चालूच होते. विठाबाई एकदा सावळीरामांना म्हणाल्या, "पोरगी बोलत नाय हल्ली." ते म्हणाले, "बोलंल. आत चाललंय तिचं."

दिवाळीची सुट्टी लागायच्या आत लताबाई गायधनी सरांना घेऊन फळ्याजवळ उभ्या राहिल्या. मी टेबलावर होते. कापड थोडे सरकले होते, त्यामुळे मला सारे दिसत होते.

"सर, वायू कशाही तऱ्हेनं हलेल अशी कल्पना करा. कुठलीही एक हालचाल घ्या. तिच्यावरून एक आकडा निघतो. मी असं सिद्ध केलंय की खरा आकडा हा या सगळ्या आकड्यांत सर्वांत लहान असतो. फिरणाऱ्या वायूलाही हे लागू पडतं."

"बरं."

"म्हणजे हे विहिरीचा तळ शोधण्यासारखं झालं. आकडा जितका लहान, तितकी जागा खोल. पुस्तकवाले म्हणतात, सर्वांत खोल जागा ही, इथं इतका दोर लागतो. मी दुसऱ्या एका जागी दोर सोडला. तो जास्त खोल गेला. मी माझीच जागा सर्वांत खोल आहे असं म्हणत नाही, सर. पण त्यांची नाही, एवढं तर नक्की झालं ना?"

मग त्यांनी अगदी साधी अशी एक हालचाल फळ्यावर मांडली आणि तिचा आकडा काढला. त्याला माझीही गरज लागली नाही. फळ्याच्या एका कोपऱ्यात तो हिशेब मावला. आकडा पुस्तकातल्यापेक्षा लहान आला.

"मग ते चुकले कुठे?" सरांनी विचारले.

"त्यांनी धरून चाललं की वरच्या अर्ध्या भागात जशी खळबळ होईल, अगदी तशीच खालच्या अर्ध्यात होईल. आरशात दिसावी तशी. वायूवर तसं बंधन नाही. त्यांनी निम्मी विहीर मोजलीच नाही."

गायधनी सरांनी खडू हातात घेतला. दुपारभर ते प्रत्येक ओळीवर अडत राहिले, हे कशावरून, ते कशावरून. लताबाई उत्तरे देत राहिल्या. संध्याकाळी सर सगळ्या ओळी वहीत उतरवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"मी सगळीकडून तोडायचा प्रयत्न केला," ते म्हणाले. "तुटत नाही. प्रकरण ठेव. आणि वेगळा लेख करून बाहेरच्या नियतकालिकाला पाठव."

"सर, तुमचं नाव घालते."

"माझं कशाला? मी तर वगळायला सांगत होतो. शोध तुझा आहे."

लेख गेला आणि काही महिन्यांनी छापूनही आला. लताबाई डॉक्टर झाल्या. तोंडी परीक्षेच्या दिवशी विभागाची खोली भरली होती, आणि मागच्या बाकावर सावळीराम इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. परीक्षकांनी त्याच प्रकरणावर सर्वांत जास्त प्रश्न विचारले, आणि शेवटी त्याचीच सर्वांत जास्त तारीफ केली.

माझ्या आयुष्यातला अभिमानाचा क्षण मात्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आला. ज्यांचा आकडा चुकला होता ते परदेशी शास्त्रज्ञ एका परिषदेसाठी भारतात आले होते. ते वाट वाकडी करून नाशिकला आले. उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांनी लताबाईंना इंग्रजीत विचारले, "तुमचा संगणक कुठे आहे? मला बघायचा आहे."

लताबाईंनी माझ्यावरचे कापड काढले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्ची ओढून बसले, एक भागाकार मांडला आणि हँडल फिरवू लागले. एक फेरा जास्त झाला आणि माझी घंटी वाजली. ते मोठ्याने हसले.

"माझी चूक तुम्ही याच्यावर पकडलीत?"

"याच्यावर शंका आली," लताबाई म्हणाल्या. "चूक कागदावर पकडली."

"आणि हे फिरवलं कोणी?"

लताबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या वडिलांकडे हात केला. पाहुणे उठले आणि त्यांनी सावळीरामांचा हात दोन्ही हातांत घेतला. सावळीराम जरा गोंधळले. मग मुलीला म्हणाले, "सांग त्यांना, खांदा भरून यायचा, पण आकडा चुकू दिला नाय."

लताबाईंनी ते भाषांतर करून सांगितले. आणि मित्रांनो, मी लोखंडाचे असूनही त्या क्षणी मला अंग हलके झाल्यासारखे वाटले.

पुढे कॉलेजात खरा संगणक आला. माझ्या महिनाभराच्या कामाला त्याला चहा पिण्याएवढाही वेळ लागत नाही. त्याचा मला हेवा वाटत नाही. तो माझाच धाकटा भाऊ आहे. पण लोकांनी माझा मान राखायचा म्हणून मला काचेच्या पेटीत बसवले आणि वर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. ती माझी सर्वांत वाईट वर्षे. चहाचा कप परवडला. त्या पेटीत माझे तेल सुकले, दात्यांवर गंज चढला आणि हँडल जागचे हलेना.

डॉ. लता दोंदे विभागप्रमुख झाल्या त्या आठवड्यात त्यांनी पेटी उघडायला लावली. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या एका कारागिराकडून माझा दाता न् दाता साफ करून घेतला. ती चिठ्ठी स्वतः फाडली आणि मला पहिल्या वर्षाच्या वर्गात टेबलावर ठेवले. आता मुले-मुली येतात, आकडे मांडतात, घंटी वाजवतात आणि हसतात.

म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या यंत्रांना पेटीत कोंडून त्यांची पूजा करू नका. हात स्वच्छ धुवा, तेलाचे दोन थेंब सोडा आणि आम्हाला चालवा. तुमचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर ते घाईने खोडू नका. आधी स्वतःची चूक शोधा, मनापासून शोधा. आणि ती सापडलीच नाही, तर कारण शोधा. आणखी एक. माझे हँडल अर्ध्यात सोडू नका. तसे केले की दाते अडकतात आणि पुढचा कोणताच आकडा मांडता येत नाही. फेरा सुरू केलात ना, मग तो पूर्ण करा.