एकवीसपर्यंत

मंजुळा परब मानपाड्याच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. तिथे ऑक्सिजन मोजायची यंत्रं बनत. टिफिनएवढा डबा, त्याला वायर आणि वायरीच्या टोकाला कॅमेऱ्याच्या रोलएवढा सेन्सर. सेन्सरच्या पोटात शिशाचा तुकडा आणि थोडं रसायन. पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत शिरला की शिसं हळूहळू झिजतं आणि त्यातून अगदी किंचित वीज निघते. ऑक्सिजन जास्त तर वीज जास्त, आणि तीच डब्यावर आकडा होऊन दिसते. मंजुळा प्रत्येक सेन्सर आधी मोकळ्या हवेत तपासे, तिथे एकवीस टक्के यायला हवेत. मग सिलिंडरच्या शुद्ध ऑक्सिजनवर, तिथे शंभर. सात वर्षांत तिच्या हाताखालून असे हजारो सेन्सर गेलेले, पण ते पुढे कुठे जातात हे तिने कधी बघितलं नव्हतं.

१९९४च्या जानेवारीत कल्याणच्या एका नर्सिंग होममधून फोन आला, यंत्र मधूनच भलते आकडे दाखवतंय. दुरुस्तीचं काम बघणारा उत्तम तापाने घरी. मालक म्हणाले, "मंजुळा, तू कल्याणलाच राहतेस ना? आज दुपारी निघ आणि बघून ये."

बाळांच्या खोलीत चपला काढून, साबणाने कोपरापर्यंत हात धुवून जायचं होतं. आत ऊब देणाऱ्या दिव्याखाली एक मुलगी निजलेली, जेमतेम बाराशे ग्रॅमची. सातव्या महिन्यातच आलेली. तिच्या डोक्यावर प्लास्टिकची पारदर्शक पेटी, पेटीत ऑक्सिजनची नळी आणि मंजुळाच्या कारखान्याचा सेन्सर. शेजारी स्टुलावर बाळाची आजी, कमळाबाई. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, हिरवं लुगडं, कानात जड सोनं. सून लक्ष्मी सिझेरियन होऊन वरच्या मजल्यावर पडलेली, म्हणून आजीला बसायची परवानगी होती.

"डॉक्टरांनी पस्तीस ठेवायला सांगितलंय," सरस्वती सिस्टर म्हणाल्या. "मी पस्तीसवर लावून जाते. परत येते तर पन्नास, कधी पंचावन्न. आणि बघता बघता खाली येतं. यंत्रच बिघडलंय."

मंजुळाने सेन्सर बाहेर काढला. मोकळ्या हवेत एकवीस. नळीच्या तोंडाशी धरला, शंभर. परत पेटीत ठेवला, पस्तीस. आकडा जागचा हलेना.

"यंत्र ठीक आहे, सिस्टर. मी थोडा वेळ थांबून बघते."

तेवढ्यात सिस्टरना लेबर रूममध्ये बोलावलं. मंजुळा व्हरांड्यात पाणी प्यायला गेली आणि दोन मिनिटांत परतली. डब्यावर अठ्ठेचाळीस होते आणि कमळाबाईंचा हात ऑक्सिजनच्या चावीवर होता.

कमळाबाईंनी चटकन हात मागे घेतला.

"बाय, सांगू नको," कमळाबाई कुजबुजल्या. "पोरीला कसा दम लागतंय बघ. सिस्टर गेली की मी जरा जास्त सोडते, ती येताना दिसली की परत कमी करते. हवाच हाय ना ती, विख नाय."

मंजुळाने आधी चावी फिरवून आकडा खाली आणला. मग ती स्टुलाशी खाली बसली. "मावशी, ही नुसती हवा नाहीये. कमी पडला तर जीव जातो हे खरं. पण एवढ्या लहान बाळाला जास्त झाला तर डोळे जातात. म्हणून तर हे यंत्र लावलंय."

"डोले?" कमळाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मना कोनी सांगितलाच नाय. मिठावानीच मंग हे. कमी परला तर म्हावरा सडतंय, जास्त झाला तर तोंडात घालवत नाय." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "तीन दिस मी हेच करते, बाय. माज्याच हातानं."

"सिस्टरना सांगावं लागेल."

"मीच सांगते. तू फक्त उभी ऱ्हा."

सिस्टर ओरडल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. डॉक्टर मात्र ओरडले नाहीत. ते म्हणाले, "आजी, सांगितलंत हे बरं केलंत. काय परिणाम झालाय ते आत्ता कळणार नाही. दीड महिन्याने डोळे तपासून घेऊ." कमळाबाईंना वाटलं आता आपल्याला बाहेर काढतील. त्या उठल्याही. डॉक्टर म्हणाले, "बसा. तुमच्याइतकं लक्ष दुसरं कोण ठेवणार?"

पण लक्ष ठेवायचं कशावर? त्यांना अक्षर येत नव्हतं. मंजुळाने पिशवीतून कागद काढला आणि डब्यावर दिसत तसे इंग्रजी तीन आणि पाच मोठे काढले. कमळाबाईंनी पाचावरून बोट फिरवलं. "ह्यो म्हावरा धरायचा गल दिसतंय. डोईवर टोपी घातलेला गल."

"आकडा बदलला की हाक मारायची. चावीला हात नाही लावायचा."

"हात तोडून टाकीन," कमळाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मंजुळा पुन्हा तिथे गेली. काही कारण नव्हतं. मग रोजच जाऊ लागली. घरी नवऱ्याला म्हणाली, यंत्र नवीन आहे, बघावं लागतं. डॉक्टर ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांनी उतरवत होते आणि प्रत्येक नवा आकडा कमळाबाईंना शिकवावा लागे. आठ त्यांना आवडला, नऊ आणि सहात त्या बरेच दिवस गोंधळल्या. एकदा एकोणतीसचे सव्वीस समजून त्यांनी अख्खं नर्सिंग होम जागेवरून उठवलं. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी डबाभर खारे शेंगदाणे कमळाबाईंच्या हातात दिले.

एका संध्याकाळी कमळाबाईंनी सहज विचारलं, "तुजी पोरा किती, बाय?"

मंजुळा नेहमी "नाहीत" म्हणे. त्या दिवशी म्हणाली, "एक मुलगी झालेली. अशीच सातव्या महिन्यात. दोन दिवस होती."

"कवा?"

"सहा वर्षं झाली."

कमळाबाईंनी अरेरे केलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. "कोनासारकी होती?" त्यांनी विचारलं.

हे मंजुळाला कुणीच विचारलं नव्हतं. "माझ्यासारखी," ती म्हणाली. "कपाळ माझंच होतं." कमळाबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला. खरखरीत, ऊबदार हात. डब्यावर सत्तावीस होते.

तीन आठवड्यांनी आकडा एकवीसवर आला. "म्हणजे काय?" लक्ष्मीने विचारलं. ती आता खाली येऊन बाळाला छातीशी धरत होती. "म्हणजे तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा," मंजुळा म्हणाली. सिस्टरनी पेटी उचलून बाजूला ठेवली.

डोळ्यांचे डॉक्टर मुंबईहून फेब्रुवारीच्या शेवटी आले. मंजुळाने अर्धा दिवस रजा टाकली. पोरीला फडक्यात घट्ट गुंडाळलं, पापणी उघडी ठेवायला बारीक तार लावली. लक्ष्मीला बघवेना, ती बाहेर गेली. डोकं कमळाबाईंनी धरलं, पाय मंजुळाने. पोर अशी रडली की कमळाबाईंनी त्या मोठ्या डॉक्टरला कोळीवाड्यातली खास शिवी हासडली. तो हसला.

"उजवा ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "डाव्यात रक्तवाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नाहीत. पण वाट सरळ दिसतेय. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू."

पुन्हा बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. तो दीड महिना कमळाबाई बाजारात मासळी घेऊन बसल्या नाहीत. एप्रिलमध्ये चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळे छान आहेत. आता माझ्याकडे आणायची गरज नाही."

लक्ष्मी हसली आणि औषधाची चिठ्ठी घ्यायला खिडकीशी गेली. इतके महिने एकदाही न रडलेल्या कमळाबाई मात्र पायरीवर येऊन मटकन बसल्या आणि पदरात तोंड लपवून हुंदके देऊ लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी पोरीला उचलून मंजुळाच्या हातात दिलं.

"जरा धर. मी तोंड धुवून येते."

मंजुळा पोरीला घेऊन अंगणात उभी राहिली. दुपारचं ऊन थेट पोरीच्या तोंडावर आलं. तिने डोळे गच्च मिटले, नाक मुरडलं आणि मान वळवून मंजुळाच्या पदरात तोंड खुपसलं.