पाळण्याला बांधलेला पट्टा

मी बोलतोय, पण नीट ऐकायचं असेल तर जरा वाकावं लागेल. मी बोटभर रुंदीचा, पांढरट, सिलिकॉनचा पट्टा आहे. पोरंसोरं हौसेनं मनगटात घालतात ना, तसलाच. मला बघून कुणाला काही कौतुक वाटत नाही, याचा मला अजूनही थोडा राग येतो.

जन्म कारखान्यात झाला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते बहरीनमध्ये, अदलियातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत. तिथं मृणालीनं मला भट्टीत तापवून अंगातला कारखान्याचा वास पार घालवला. मृणाली मूळची चिपळूणची. रसायनांचा माणसांना किती धोका, हे शोधणं तिचं काम. माझा गुण एकच: भोवतीच्या हवेत जे तरंगतं, ते मी मुकाट्यानं अंगात मुरवून घेतो. पुढे प्रयोगशाळेत ते सगळं ओकतो.

पूर्वी एका वेळी एकच रसायन घ्यायचे, उंदरांना द्यायचे आणि धडधाकट माणसाला किती चालेल ते ठरवायचे. त्या कामालाही मी नावं ठेवत नाही, पुष्कळ जीव त्यानं वाचवले. पण माणूस काही एका वेळी एकच रसायन हुंगत नाही. आणि पाळण्यातलं बाळ म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. म्हणून मृणालीची मंडळी आता बशीत वाढवलेल्या पेशींवर मिश्रणं तपासतात, संगणकाला कामाला लावतात आणि आम्हा पट्ट्यांना थेट लोकांच्या घरी पाठवतात. मला या नव्या रीतीचा फार अभिमान आहे.

मला धाडलं तिथल्याच माहूज भागातल्या एका फ्लॅटमध्ये. इक्बाल दापोलीकडचा, गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रेनं रंग मारणारा. त्याची बायको जमीला, बाळंतपणासाठी गावाहून आलेली त्याची सासू जुबैदा आणि तान्ही अरीबा. अरीबाची छाती घरघरायची. औषधानं चार दिवस बरं, पुन्हा तेच. गॅरेजमधला कुणीतरी इक्बालला म्हणाला, तूच अंगावरून रंगाचं विष घरी नेतोस. झालं! त्या दिवसापासून तो तिकडेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येई आणि तरीही खोलीच्या दारातच उभा राही.

एक पट्टा त्याच्या मनगटावर गेला, मला पाळण्याच्या दांडीला बांधलं.

"घ्या ना जरा तिला," जमीला म्हणायची.

"नको गो. त्यापेक्षा अम्मासोबत तुमी दोघी गावाला जा. तिकिटं बघतांव."

जमीला तोंड फिरवून बाळाची दुपटी घड्या करत बसायची. मला फार वाईट वाटायचं, पण पट्ट्याला कोण विचारतो?

सकाळ-संध्याकाळ आंघोळ झाली की जुबैदा अरीबाला धुरी द्यायची. इथं चुलीतले निखारे कुठले? शेजारच्या हुदानं बखूर, म्हणजे तिकडचा अरबी धूप, जाळायची धुपाटणी आणि काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या वड्या दिल्या होत्या. वडीवर ओवा, लोबान आणि वर हुदाच्या बखूरची चिमूट. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, एसी चालू. मी आपला जे येईल ते मुरवत राहिलो.

प्रयोगशाळेत मला पिळून काढलं, तेव्हा मृणालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं फोन लावला. "इक्बालभाई, घरात धूर होतो का?"

"धूर? मफी, नाय! कोण सिगरेट ओढत नाय, चूलपण इलेक्ट्रिकची हाय."

तो खोटं बोलत नव्हता. त्यांच्या लेखी धूर वेगळा, धुरी वेगळी. धूर घाण असतो आणि धुरी म्हणजे औषध. मला बोटावर फिरवता फिरवता मृणालीला चिपळूणची बाळाची धुरी आठवली. ती एकदम उठली, मला पर्समध्ये टाकलं आणि माहूजला निघाली.

"खाला, बाळाला धुरी देता का हो?"

जुबैदाचा चेहरा खुलला. "देतांव तर! दोन टायमाला. एक दिवस चुकवली नाय."

मृणाली तिच्याजवळ बसली. "गावाकडं कौलांतून धूर निघून तरी जातो. इथं सगळा या खोलीत कोंडतो. इवल्या छातीला तो सोसत नाही. तिथंही सोसत नाहीच खरं तर."

"म्हंजे माज्याच हातानं..." जुबैदाचे डोळे भरले.

"मलाही माझ्या आजीनं अशीच दिली होती, खाला. तेल लावा, शेक द्या, गाणी म्हणा. धुरी तेवढी खलास."

दारातून इक्बालनं हळूच विचारलं, "आणि माजा रंग?"

"तुमच्या पट्ट्यात भरपूर सापडला. तुमचा मास्क बदलायला हवा, ते मी मालकाशी बोलते. पण पाळण्याच्या पट्ट्यात रंगाचं जवळजवळ काही नाही. तुम्ही आंघोळ करून येता ना, म्हणून. बाळाला खुशाल घ्या."

इक्बाल न्हाणीघरात गेला. नळाचा आवाज येत राहिला. हात धुऊन, पुसून, पुन्हा एकदा धुऊन तो आला आणि त्यानं अरीबाला उचलून छातीशी धरलं. गावच्या तिकिटांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढे जुबैदा एकटीच परतली.

आता मी रिकामा आहे. नव्या घरी गेल्यावर मृणाली मला पर्समधून काढून दाखवते. माझं एकच मागणं आहे: आम्हाला घरोघर जरूर बांधा, पण माणसांना त्यांच्याच शब्दांत विचारा. नाहीतर आम्ही कितीही शोषलं तरी तुम्हाला कळायचं नाही.

परवा आम्ही पुन्हा माहूजला गेलो होतो. घरघर बरीच कमी झालीय, तरी मृणालीला खात्री करून घ्यायची होती. माझा धाकटा भाऊ हातात घेऊन ती पाळण्याशी गेली, तर पाळणा रिकामा.

"अगं, हा कुठं बांधू?"

जमीला हसली. "यांच्या खांद्याला बांधा. पाळण्यात ती असते कदी?"