मागची सायकल

शेजारच्या आदिनाथनं दोन भंगार सायकली वेल्डिंगनं जोडून एक लांबलचक सायकल केली. पुढे तो, मागे त्याची बायको, असे दोघं पायडल मारत बाजारात जाऊन आले. आमच्या सौभाग्यवती ओट्यावरून बघतच राहिल्या.

“वेल्डिंग कच्चं आहे,” मी म्हणालो. “मोडेल.”

“मोडू द्या. तवर तर फिरंल ना ती!”

सकाळी नीट पाहिलं, तर मागचा भाग माझ्याच सायकलीचा. गंजली म्हणून मीच ती भंगारात घातली होती. आदिनाथला ठणकावून सांगितलं, “मागची सायकल माझी आहे.”

“मंग बसा की, सर!”

बसलो. घरासमोरच्या चढावर जीव तोडून पायडल मारलं. ओट्यावरून सौभाग्यवती कळवळून ओरडल्या, “आदिनाथभाऊ, दमानं! एकटेच ओढून राह्यले तुम्ही!”