ब्रेकचा पाय

मी लोकांना गाडी शिकवते. म्हणजे गाडी शिकणारा चालवतो आणि मी शेजारी बसून ती कुणाच्या अंगावर जाऊ नये एवढं बघते. त्यासाठी माझ्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो. जादा क्लचही असतो, पण त्याचं एवढं काही नाही. माझ्या बाजूला ॲक्सिलरेटर नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्नही नाही. हॉर्नचं काम मी तोंडानं करते. मला स्वतःला कुणी शिकवलेलं नाही. भावाच्या मालाच्या टेम्पोवर आपली आपणच शिकले, आणि जे राहिलं होतं ते शेजाऱ्यांच्या कुंपणानं शिकवलं.

इतकी वर्षं ब्रेकवर पाय ठेवून बसल्याचा परिणाम असा, की माझा उजवा पाय आता माझा राहिलेला नाही. समोरून सायकल आली की तो जमिनीत रुततो. दूध उतू जायला लागलं की माझी बहीण गॅसकडे धावते. मी जागच्या जागी ब्रेक मारते. दूध जातंच.

अशा बाईच्या पोटी खारू जन्माला आली. नाव कागदोपत्री दुसरं आहे, पण रांगायला लागल्यापासून ती कधी एका जागी सापडली नाही, म्हणून खार, खारूताई, आणि आता पंधरा वर्षांची झाल्यावर ‘ताई नको, नुसतं खारू म्हणा’. आमच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत उतरायची तिची जुनी पद्धत. कठडा होता तेवढाच राहिला, खारू वाढली. मांडीचं हाड मोडलं. अख्ख्या गावाला रस्त्यावर सांभाळून गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईची पोरगी घरातल्या घरात अपघात करून बसली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, ते मीच.

ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला. रात्री तिच्याजवळ तिचे बाबा थांबायचे, दिवसपाळी माझी. पोरगी पडल्या पडल्या कंटाळून जाईल, तिला रमवायचं, हे काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. मला वाटायचं, मी विनोदी आहे. शिकायला येणारी माणसं माझ्या बोलण्याला हसतात. त्यांचा जीव माझ्या पायाखाली असतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी मोठी पिशवी भरून सामान नेलं. त्यात सापशिडी होती. जिन्यावरून पडलेल्या पोरीपुढे मी सापशिडी मांडली.

“आई,” खारू म्हणाली, “तू हे मुद्दाम आणलंस की सहज?”

“सहज गं.”

“मग जास्तच वाईट आहे.”

शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेल्या, पण जीभ शाबूत. त्या म्हणाल्या, “इकडे आण ती सापशिडी. मला आता सापाचं भय नाही. खाली पडून झालंय माझं.” मग सापशिडी आजींच्या पलंगावर गेली ती परत आली नाही. शब्दकोडी आणली, ती खारूनं माझ्या आधी सोडवली आणि मला चुका काढून दाखवल्या. विणायच्या सुया आणल्या, त्यांनी तिनं बँडेजच्या कडेनं खाजवलं. एकदा मी मोबाइलवर तिच्या वयाची गाणी शोधून तिला लावून दाखवली, तर तिनं माझा हात धरला आणि फार मायेनं म्हणाली, “आई, असं नको करूस. लोक बघतायत.”

शेवटी चालल्या त्या माझ्या शिकाऊ मंडळींच्या गोष्टी. गिअर टाकण्याआधी ‘टाकू का?’ असं गिअरलाच विचारणारे निवृत्त हेडमास्तर. वळण आलं की डोळे मिटणाऱ्या एक वहिनी. खारू हसायची, मग मांडी धरायची. “आई गं, टाके ओढतात, गप.” दोन मिनिटांनी, “पुढे काय झालं वहिनींचं?”

पण माझ्या सगळ्या कलाकारीपलीकडे खारूला हवं होतं ते एकच. तिनं मला ते एकदा, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात सांगितलं होतं. बेडपॅन द्यायला सिस्टर आल्या, त्यांनी हिरवा पडदा ओढला, आणि पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे आजी, आजींना भेटायला आलेली सून. सगळं झाल्यावर खारू म्हणाली, “मला एकटीला बाथरूमला जायचंय. आणि दार लावायचंय. बाकी मला काही नको, तुझ्या गोष्टीपण नकोत.”

बाथरूम वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. डॉक्टरही तेच म्हणाले होते: वॉकर घेऊन स्वतःची स्वतः तिथवर जाऊन आली, की घरी. रॉड पक्का आहे, पाय टेकायला काही हरकत नाही. उलट पडून राहिली तर गुडघा आखडेल.

फिजिओ म्हणून आली ती माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला काकू. तिनं खारूला उभं केलं. पोरगी पांढरीफटक पडली, पण उभी राहिली. वॉकर पुढे, दुखरा पाय, मग चांगला पाय.

आता ह्यात मी गप्प बसायचं की नाही? पण मला आदल्या रात्री एक कल्पना सुचली होती. मी गाडीवरची ‘शिकाऊ’ अशी लाल अक्षरांची पाटी काढून आणली होती. ती मी वॉकरला बांधली.

वॉर्ड हसला. खरंच हसला. खारूसुद्धा टाके विसरून हसली. आजींनी “पों पों” केलं. आणि मला, काय सांगू, जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सापशिडीपासूनचा सगळा अपमान धुऊन निघाला. आमच्या शिकवणीतल्या भाषेत मी सुरू झाले, “आरसा बघा, मागून कुणी येतंय का, हां, आता सावकाश सोडा...”

खारूनं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला वॉकरचा पाय फरशीच्या सांध्यावर किंचित अडला, आणि माझा उजवा पाय चपलेसकट फरशीवर धाडकन आपटला. तोंडातून हॉर्न गेला, “हां हां हां हां!”

खारू जागच्या जागी थिजली.

“काही झालं नव्हतं, काकू,” मॅडम म्हणाली.

“हो हो. चालू दे.”

खारूनं पाऊल उचललं. धाड.

“आई!”

“मी काही बोलले का?”

“तुझा पाय बोलला!”

दर पावलाला तेच. मी पाय आवळून धरला, दुसऱ्या पायाखाली दाबला, तरी जित्याची खोड. खारूनं वॉकर टेकवला तो टेकवलाच. “मला बसायचंय,” ती म्हणाली. कॉटपासून ती चार हातसुद्धा गेली नव्हती.

पलंगावर बसल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं.

“पाय आपटतेस तेव्हा मला वाटतं की मी पडतेय,” ती म्हणाली. “मी पडत नसते. पण तुला दिसलं असेल, मला कळलं नसेल, असं वाटतं.”



थोड्या वेळानं सिस्टर बेडपॅन घेऊन आल्या आणि हिरवा पडदा ओढला गेला. ‘शिकाऊ’ची पाटी वॉकरवर तशीच लोंबत होती. मी ती सोडायला गेले, तर गाठ इतकी पक्की मारलेली, की नखं तुटली पण सुटेना.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाली, “काकू, तुम्ही जरा बाहेर थांबा.” एवढं गोड आवाजात मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. मी व्हरांड्यात उभी राहिले. दाराला काचेची चौकट होती. न बघायचं ठरवलं होतं, म्हणून फक्त अधूनमधून बघितलं. खारू कॉटपासून निघाली. आजींची कॉट ओलांडली. अर्धा वॉर्ड ओलांडला! मी काचेला नाक लावलं. तेवढ्यात तिची नजर वर गेली, तिला काचेत माझं चपटं नाक दिसलं, आणि ती थांबली.

व्हरांड्यातल्या बाकावरचे एक गृहस्थ मला म्हणाले, “बाई, पायाला मुंग्या आल्यात का?” बघते तर माझा पाय तिकडेही दाबून बसलेला.

खारूला कॉटवर बसवून मॅडम निघून गेली. मी आत गेले, अगदी शहाण्या मुलीसारखी.

“उद्यापासून मी येत नाही,” मी म्हटलं. “मावशीला पाठवते. तिचा पाय गरीब आहे.”

“मावशी रडते,” खारू म्हणाली. “तू इथेच थांब. फक्त तू माझ्या जागेवर बस.”

“कुठे?”

“पलंगावर. चढ. चप्पल काढ. दोन्ही पाय वर घे.”

“अगं, पेशंटच्या पलंगावर...”

“चढा हो,” आजी म्हणाल्या. “पोर एवढं सांगतेय. तुमच्याच्यानं काही होत नाही हे सगळ्यांनी बघितलंय.”

मी चढले. खारूनं काठावर बसूनच वाकून चादर माझ्या पायांवर टाकली आणि कडा गादीखाली खोचल्या, घट्ट, सिस्टर खोचतात तशा. मग तिनं वॉकर ओढला. पाटी अजून लोंबतच होती.

सिस्टर पलीकडून ओरडल्या, “दार नुसतं लोटून घे गं, कडी नको!”

“हो,” खारू म्हणाली.

ती निघाली. वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. माझा पाय चादरीखाली गादीत रुतला. गादी मऊ, आवाज झाला नाही. परत रुतला. आवाज नाही. मी घामाघूम होऊन त्या पलंगावर पडल्या पडल्या ब्रेक मारत होते आणि गाडी चालली होती. आजींची कॉट गेली. अर्धा वॉर्ड गेला. फरशीच्या सांध्यावर वॉकर अडला, खारूनं तो उचलून पुढे ठेवला आणि गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

बाथरूमचं दार लोटलं गेलं. मग स्वच्छ आवाज आला: खट्.

“लावली,” आजी म्हणाल्या.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरांकडे पाहिलं. काय करणार? त्या गोळ्यांचा ट्रे तसाच हातात धरून बाथरूमपासून दोन पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाटात काहीतरी शोधल्यासारखं करू लागल्या.

आतून काही आवाज येईना. पोरगी ओल्या फरशीवर, एका पायावर, कडी आतून. चादरीची एक कड कधी सुटली मला कळलं नाही.

“उतरलात तर बघा,” आजी सापशिडीवरून डोळे न उचलता म्हणाल्या.

तेवढ्यात आतून हाक आली, दारामुळे घुमल्यासारखी. “आई!”

“काय गं? काय झालं?”

“काही नाही. पाय वर आहेत का?”

मी खाली पाहिलं. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता, त्यामुळे थाप मारायची सोय नव्हती.

“एक आहे,” मी म्हटलं.

मग दाराच्या पलीकडून, कडीच्या आतून, खारू हसली. थांबेचना. “आई गं... टाके... गप बस ना!” मी काही बोलतच नव्हते. तरीही ती हसत होती, तिथे, एकटी, दार लावून.

मी दुसरा पाय वर घेतला आणि चादर खोचली.