लाइन बंद असताना

"डोळे मिटा आणि सुरुवातीपासून सांगा," समुपदेशक समिना मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी संभाजीच्या मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

संभाजीने डोळे मिटले नाहीत. डोक्यावरच्या ट्यूबची चोक गुणगुणत होती. बारामतीतल्या त्या दवाखान्यात येणाऱ्या कुणालाच तो आवाज ऐकू येत नसावा. त्याला मात्र तो दातांत जाणवायचा. सोळा वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला वीज ऐकू येतेच. पण मे महिन्यापासून ती आपल्यावर टपून बसल्यासारखी ऐकू यायची.

"ट्यूब बंद केली तर चालंल का?"

मॅडमनी उठून ट्यूब बंद केली. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. मग तो बोलू लागला.

"वळवाच्या वाऱ्यानं शेळगावच्या शिवारात जंपर, दोन तारा जोडनारा तुकडा, तुटला हुता. मी आन माझा जोडीदार रामहरी गेलो. सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेतली. रॉड लावला. रामहरी वर चढला, मी खाली हुतो. तेवढ्यात कुणीतरी पोल्ट्रीवरचा जनरेटर चालू केला, आन करंट उलटा लाइनीत आला. तो वरडला बी न्हाय. निस्ता आखडला. कमरंच्या पट्ट्यामुळं तितंच लटकून ऱ्हायला. मला हात लावता येईना. जनरेटर कुणाचा, ते हुडकून बंद करस्तवर पंचवीस मिनिटं गेली. मी खालनं हाका मारत हुतो."

"भीती किती आहे आता? शंभरातली?"

"नव्वद."

"मागच्या वेळी ऐंशी होती."

संभाजीने कपाळावरचा घाम पुसला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तोंडाला सतत कोरड पडायची. त्यांनी आजाराचं मोठं इंग्रजी नाव सांगितलं होतं. घरी सगळे त्याला धसकाच म्हणत. मॅडमचं काम त्याला बोलतं करायचं. झालेलं सगळं पुन्हा पुन्हा सांगायचं, घरी रोज स्वतःच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग ऐकायचं, आणि दिवसातून दहा मिनिटं खांबाजवळ जाऊन उभं राहायचं. त्याने सगळं इमानाने केलं होतं. गावातली माणसं खांबाखाली कानाला मोबाईल लावून उभ्या असलेल्या वायरमनकडे बघत जायची.

"मॅडम, तुमी म्हणला हुता, सांगून सांगून भीती वसरंल. सात बैठका झाल्या. माझी वाढतीया. ही ट्रीटमेंट मला उलटी तर पडंना?"

"काहींना वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "काहींना ही पद्धत लागूच पडत नाही, तसंही होतं. तसं वाटलं तर आपण बदलू. पण एक विचारू? बाकीचं तुम्ही दर वेळी थोडं वेगळं सांगता. 'रॉड लावला' एवढंच नेहमी जसंच्या तसं. तिथं तुमचा आवाज सपाट होतो. तिथं काही राहतंय का?"

संभाजी उठला. "न्हाय," म्हणाला, आणि मोबाईल उचलून जिना उतरला.

त्यानंतर तो गेला नाही. गोळ्याही बंद केल्या. बायकोला, राजलक्ष्मीला, सांगितलं की गुण येत नाही. तिने मिक्सर कधीच पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. वाटण पाट्यावर करत होती. टीव्हीची वायर त्याने भिंतीतून उपटली होती. मोबाईलचं चार्जिंग शेजारच्यांकडे. अंगणात कुणी ओल्या पायांनी चाललं तरी तो दचकून उभा राहायचा. दिवसाउजेडी, जेवताना, मधूनच त्याला वरून काहीतरी लोंबतंय असं वाटायचं आणि घास हातात तसाच राहायचा. वर बघायची हिंमत होत नसे.

त्या रविवारी दुपारी तो पडवीत बसला होता. छकुली, त्याची नऊ वर्षांची मुलगी, न्हाऊन आली होती. शाळेचा गणवेश चुरगळला म्हणून तिने शेजारून इस्त्री मागून आणली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने पिन बोर्डाजवळ नेलेली त्याने पाहिली.

पुढचं त्याला नीट कळलं नाही. एवढंच कळलं की आपण ओरडलो, आणि पोरगी उंबऱ्याजवळ पडली होती. चौकटीचा कोपरा तिच्या भुवईला लागला होता. रक्त डोळ्यावर येत होतं आणि तरी ती रडत नव्हती. दोन्ही हात तोंडापुढे धरून ती मागे सरकत होती. त्याच्यापासून.

राजलक्ष्मी धावत आली. लेकीला पोटाशी धरून म्हणाली, "करंटानं न्हाय, तुमच्या हातनं मरंल माझं लेकरू."

सोमवारी तो पुन्हा बारामतीला गेला. ट्यूब आधीच बंद होती. त्याने बसायच्या आत विचारलं, "मी हितं बोललेलं कागदावर जातं का? आमच्या हापिसात?"

"नाही. तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मला बोलावं लागतं. नाहीतर तुम्ही म्हणाल तरच."

"रेकॉर्डिंग नगं."

त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. तो खुर्चीवर टेकला.

"रॉड लावलाच न्हवता," तो म्हणाला. "टोकाला लोखंडी आकडा असतो, वायर जमिनीत रवल्याली. लाइन बंद असली तरी चढायच्या आधी तारंला लावायचा. मग कुठनं उलटा करंट आला तरी जमिनीत जातो, मानूस वाचतो. तो गाडीत ऱ्हायला. रामहरी म्हणला, आणू का? मी म्हणलो, पाच मिनिटाचं काम हाय, चढ."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"चौकशीला सायबांनी विचारलं, रॉड लावला हुता का. मी व्हय म्हणलो. निसटला आसंल म्हणलो. न्हाय म्हणलो असतो तर त्याच्या जागी बायकूला मिळायची नोकरी अडकली असती. आन माझीबी गेली असती. ह्यातलं आधी काय डोक्यात आलं, ते मला आठवत न्हाय. रोज ते ऐकतोय, मॅडम. तुमीच ऐकायला लावलं. रोज माझाच आवाज मला सांगतोय, रॉड लावला."

तुमची चूक नव्हती, असं त्या म्हणतील अशी त्याची खात्री होती, आणि तसं म्हणाल्या तर उठून जायचं त्याने ठरवलं होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"भीती किती आहे?"

"शंभर."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "आज कुठं आपण सुरुवात केली."

"मी तिला सांगनार हाय. रामहरीच्या बायकूला."

"घाई करू नका. तिला काय होईल याचाही विचार करा. आधी आपण इथं बोलू."

तो हो म्हणाला. पण तीन दिवसांनी, तिच्या ऑफिसची सुट्टी बघून, मोटारसायकल काढून सांगवीला गेला. मॅडमनी थांबायला सांगितलं होतं आणि त्या शहाण्या होत्या. पण आणखी एक आठवडा थांबलो तर आपण पुन्हा ते सपाट वाक्य बोलू लागू, याची त्याला जास्त भीती वाटली.

रामहरीची बायको, विजयमाला, ओसरीवर शेंगा फोडत होती. दोन महिन्यांपूर्वी रामहरीच्या जागी तिला विजेच्या ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं होतं. तिने त्याला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. तांब्या हातात धरूनच त्याने सगळं सांगितलं. या वेळी कुठेही सपाट झालं नाही. तीनदा थांबावं लागलं.

"रॉड काय असतोय, ते हापिसात गेल्यापासनं मला ठावं झालंय," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "ते म्हणले हुते ना, आणू का म्हणून?"

"व्हय, वैनी."

"गाडी किती लांब हुती?"

"बावीस पावलं. मागनं जाऊन मोजली मी."

तिने सूप बाजूला सारलं. उठली आणि अनवाणीच अंगणात उतरून चालू लागली. ओठ हलत होते. तुळशीजवळून, गोठ्यावरून, पाण्याच्या हौदापर्यंत. तिथे, बाविसाव्या पावलाला, थांबली आणि पाठमोरी उभी राहिली. तिच्या डोक्यावरून घराकडे आलेली तार वाऱ्याने हलत होती. संभाजीचे पाय मोटारसायकलकडे ओढ घेऊ लागले. त्याने दोन्ही हातांनी पोत्याची कड धरली. ती परत येईपर्यंत उठायचं नाही, एवढंच त्याला ठरवता आलं.