हात माझा, खुर्चीही माझी

पद्मिनी इनामदारांच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, तिकडे त्यांनी बरेच महिने लक्ष दिलं नाही. मग एके सकाळी सरकारी कार्यालयात पाण्याचा ग्लास हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. बोटांना तो धरल्याचं कळलंच नव्हतं.

विभागप्रमुख सूद साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि स्वेच्छानिवृत्तीचा विषय काढला. बावन्न वर्षं म्हणजे काही कमी नाहीत, तब्येत आधी, असं ते अगदी मायेने म्हणाले. घरी श्रीनिवासरावांचंही तेच मत. ते सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. त्यांच्या बदल्यांमागे पद्मिनीबाई सांगलीहून निघून तीन शहरं फिरत उत्तरेतल्या या हिंदी-पंजाबी बोलणाऱ्या शहरात आल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी स्वतःची बदली मागून घेतली, आणि प्रत्येक ठिकाणी ज्येष्ठता गमावून पुन्हा तळापासून सुरुवात केली.

"आता घरी आराम कर," श्रीनिवासराव म्हणाले.

"हात दुखतोय माझा. डोकं शाबूत आहे," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मी नोकरी सोडणार नाही, अहो. पुन्हा विचारू नका."

सरकारी दवाखान्यात हरलीन नावाची तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं शरीराला न दुखवता करायला शिकवणारी, भेटली. कुठे दुखतं हे विचारून झाल्यावर तिने त्यांना एका टेबलाशी बसवलं आणि ऑफिसात करता तसं काम करून दाखवा म्हणाली. मान पुढे, खांदे वर, माउस लांब, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेलं. मानेपासून मनगटापर्यंत नस कुठे कुठे दबते ते तिने बोट ठेवून दाखवलं. व्यायामाने स्नायूंना बळ येईल, ती म्हणाली, पण सकाळी व्यायाम करून दिवसभर असंच बसलात तर सगळं वाया. शरीर आणि काम दोन्ही एकदमच बदलायला हवं. तिने खांद्यांसाठी रबरी पट्टा ओढायला शिकवला, मनगटाचे सावकाश व्यायाम दिले, आणि स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणायला, काही दिवस माउस डाव्या हाताने चालवायला, मधे मधे उठायला सांगितलं.

पद्मिनीबाईंनी टेबल बदलून मागितलं. फर्निचर सगळ्यांना सारखंच, असं उत्तर आलं. मग त्यांनी दोन विटा जुन्या साडीच्या कापडात गुंडाळून आणल्या आणि स्क्रीन त्यांच्यावर ठेवली. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधला. सकाळच्या कामाच्या मध्यावर त्या उभ्या राहून पट्टा ओढू लागल्या. मागे कोणीतरी हसलं. त्यांचे कान तापले, पण हात थांबला नाही.

सूद साहेब बाहेर आले. "मॅडम, ये दफ्तर है, अखाडा नहीं."

पद्मिनीबाईंनी हिंदीतच शांतपणे सांगितलं, की काम कुठे मागे राहिलं असेल तर दाखवा, तेवढं आजच पुरं करते. साहेब केबिनमध्ये परतले. दुसऱ्या दिवशी विटा गायब होत्या. बाईंनी दुसऱ्या आणल्या. त्याही गेल्या, तेव्हा तिसऱ्या आणल्या. शहराच्या कडेला पार खरड गावापर्यंत इमारती उठत होत्या. विटांना तोटा नव्हता.

मग दिल्लीहून एक वरिष्ठ अधिकारी पाहणीला येणार असल्याचं कळलं. त्या दिवशी हे सगळं बंद, असं सूद साहेबांनी बजावलं. पद्मिनीबाईंनी पट्टा गजावरून सोडला नाही. पाहणी त्यांच्या टेबलापर्यंत आली तेव्हा त्यांची उठायची वेळ झालीच होती. त्या उठल्या आणि पट्टा हातात घेतला.

हे काय, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मेडिकल केस है, सर," सूद साहेब घाईने म्हणाले.

ते शब्द बाईंना लागले. "मी केस नाही, सर, मी इथली कर्मचारी आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "या खुर्चीत बसून हात बिघडला. मी हातही सुधारतेय आणि बसणंही."

अधिकारी पुढच्या टेबलाकडे वळले. शाबासकी नाही, कानउघाडणी नाही. संध्याकाळी सूद साहेबांनी त्यांना तळमजल्यावर टपाल विभागात पाठवायची भाषा केली. कारणासकट लेखी द्या, बाई म्हणाल्या. लेखी काही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा बलविंदर, जो कंबरदुखीचा पट्टा बांधूनच कामावर यायचा, त्यांच्याबरोबर उभा राहिला. कसं करायचं ते त्याने लाजत विचारलं. मग लेखा शाखेतल्या दोघीजणी उठल्या. बाईंनी हरलीनला गाठलं. ती एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आली आणि एकेकाच्या शेजारी बसून प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगून गेली. त्या वेळी सूद साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. पुढेही ते कधी सामील झाले नाहीत.

पद्मिनीबाईंच्या करंगळीची बधिरता अजून पुरती गेलेली नाही. कदाचित जाणारही नाही, हे हरलीनने स्पष्ट सांगितलं आहे. पण आपल्या विभागाचे वर्षअखेरीचे हिशेब त्यांनी या मार्चमध्ये स्वतः पुरे केले. आणि एप्रिलमध्ये सगळ्या विभागाच्या सह्या घेऊन त्या उंची बदलता येणाऱ्या टेबलांची मागणी घेऊन केबिनमध्ये गेल्या.

सूद साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला. "आप मानेंगी नहीं."

"नहीं, सर," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची ओढून ताठ बसल्या. "दस्तखत होने तक मैं यहीं बैठूँगी."