उचलून न्यायची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती मी नव्हे. मी साधी, लाकडी, बिनहातांची. सध्या मुक्काम एका फोटो स्टुडिओत, निळ्या पडद्यासमोर. रोज कोणी ना कोणी नटूनथटून माझ्यावर बसतं, दात दाखवतं आणि उठून जातं. माझं काय झालं हे विचारायला एकालाही सवड नाही, म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

मला एका सुताराने केलं, आपल्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नासाठी. त्यांच्या लोकांत रीतच तशी. बापाने मुलीला दागिना नाही दिला तरी चालेल, खुर्ची मात्र द्यायचीच, आणि तीही स्वतःच्या हातची. ती फक्त तिची. नवरा असो, नणंद असो की घरी आलेला बडा पाहुणा, दुसऱ्या कोणी तिच्यावर टेकायचंसुद्धा नाही. आणि सासरी कधी अन्याय झाला, तर त्या बाईने आरडाओरडा करायचा नाही. खुर्ची उचलायची, भर रस्त्यात मांडायची आणि तिच्यावर गप्प बसून राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून विचारायचं, "काय झालं, ताई?" तिचं म्हणणं ऐकून घेऊन निकाल लागेपर्यंत त्या घरात कोणी जेवत नाही.

म्हणून सुतार माझ्या वजनाला फार जपत होता. रंधा मारायचा आणि लेकीला हाक मारायचा, "ये गं, उचल बघू." ती मला कमरेवर घेऊन कारखान्यात फेरी मारायची. "जड आहे, बाबा." की पुन्हा रंधा सुरू.

"एवढी तासलीत तर मोडेल ना ती!" ती हसायची.

"मोडू दे. पण तुला एकटीला उचलता आली पाहिजे."

मला तेव्हा म्हाताऱ्याचा रागच यायचा. आपले पाय जरा जाडजूड असावेत असं कोणाला वाटत नाही?

लेकीने लग्न केलं ते एका फोटोवाल्याशी. तो दुसऱ्या लोकांतला, त्यांची रीत अगदी उलटी. घरातली सगळ्यात चांगली खुर्ची पाहुण्याची, आणि पाहुणा टेकल्याशिवाय घरच्यांनी बसायचं नाही. पहिल्याच दिवशी नणंदबाईंनी शेजाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवलं. "बसा ना, नवीकोरी आहे!" तो बसायला वाकला आणि लेकीने धावत येऊन मला त्याच्या खालून ओढून घेतलं. बिचारा आपटता आपटता वाचला. नवी सून पाहुण्याला पाडते, असा बोभाटा झाला.

जेवताना आणखी गंमत. लेकीच्या माहेरी वाढणाऱ्याने तीनदा आग्रह करायचा आणि खाणाऱ्याने आधी दोनदा नको म्हणायचं. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो. फोटोवाल्याकडे नको म्हणजे नको. हिने लाजून नको म्हटलं की नणंदबाई भांडं घेऊन पुढे सरकायच्या. बिचारीने सुरुवातीचे दिवस अर्धपोटी काढले. शेवटी नवऱ्याच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून तो तिला प्रत्येक गोष्ट तीनतीनदा विचारू लागला. "पाणी देऊ? देऊ पाणी? अगं, देऊ का?" घरातले त्याला चिडवायचे, पण त्याने सोडलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तो माणूस फार आवडायचा.

एकदा त्याने माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा तिने रस्त्यात बसायची रीत त्याला सांगितली. "म्हणजे मला जपून राहायला हवं," तो म्हणाला. दोघंही पोट धरधरून हसली.

त्यांना मुलगी झाली, मोठी झाली, औषधशास्त्र शिकायला कॉलेजात जाऊ लागली. त्याच सुमारास स्टुडिओतली खुर्ची मोडली. स्टुडिओ म्हणजे घराच्याच खाली, तळमजल्यावर.

"तुझी खुर्ची एक दिवस नेऊ का?" फोटोवाल्याने विचारलं.

"नको हो."

"संध्याकाळी परत आणतो. नेऊ?"

"नको ना."

"नेऊ का गं?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर ती काय बोलणार? मी खाली गेले ती गेलेच.

सुरुवातीला मला मजा वाटली, हेही सांगते. वरच्या खोलीत एकाच बाईचं वजन माहीत होतं, इथे सगळं जग येऊन बसायला लागलं. काही लोकांत लग्नाच्या फोटोत नवरी बसते आणि नवरा मागे उभा राहतो. काहींत नवरा राजासारखा बसतो आणि नवरी त्याच्या खांद्यावर हात ठेवते. एका जोडप्यात दोघंही बसेनात. लग्नाच्या दिवशी बसलं की संसारात आळस शिरतो म्हणे. मग माझ्यावर त्यांनी आजीला बसवलं. भेटण्याच्या तऱ्हा तर विचारू नका. कोणी गालाला गाल लावतात आणि कोणत्या बाजूने सुरुवात करायची ते न ठरल्यामुळे नाकं आपटून घेतात. कोणी छातीवर हात ठेवून लांबूनच मान झुकवतात. कोणी हातात घेतलेला हात सोडायलाच तयार नसतात, समोरच्याचा खांदा भरून येतो तरी. मला वाटायचं, केवढी ही माणसं एकमेकांची मनं सांभाळतात! रीत पाळणारा माणूस चांगलाच असणार, असं मी धरून चालले होते. तिथेच मी फसले.

गावातल्या लग्नाच्या हॉलचा मालक एक दिवस स्टुडिओत आला. त्याच्या हॉलमधल्या लग्नांचे फोटो काढूनच आमच्या फोटोवाल्याचं घर चालायचं. त्याने आपल्या मुलासाठी फोटोवाल्याच्या पोरीला मागणी घातली. थोड्या वेळाने लेक नवऱ्याचा डबा घेऊन खाली आली, तेव्हा त्याने कॅमेरा पुसता पुसता विचारलं, "हॉलवाले आपल्या पोरीला मागणी घालतायत. काय करू या?"

"नको," ती म्हणाली. "तिला शिक्षण पुरं करायचंय. मला स्वतः म्हणालीये ती."

त्याने मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलवाला पुन्हा आला. फोटोवाल्याने त्याला माझ्यावर बसवलं, पाण्याचा पेला दिला आणि त्या पेल्यावरून दोघांनी हात मिळवले. फोटोवाल्याच्या लोकांत असं झालं की शब्द पक्का, फिरवला तर पाहुण्याचा घोर अपमान. तो गेल्यावर फोटोवाल्याने दार लावून घेतलं, मला आडवं केलं आणि पायांना लोखंडी पट्ट्या लावू लागला. मला वाटलं, माझे सांधे ढिले झालेत, डागडुजी करतोय. मी अंग सैल सोडलं. मग त्याने मला पडद्यासमोरच्या लाकडी चौथऱ्यावर उभं केलं आणि पट्ट्यांतून खाली बोल्ट पिळले. चारही पायांना.

सकाळी लेक आली. नणंदबाईंनी तिला पेढ्यासारखी गोड बातमी ऐकवली होती. ती सरळ चौथऱ्यावर चढली, माझ्या पाठीला हात घातला आणि उचललं.

मी हलले नाही.

तिने पुन्हा जोर लावला. मग दोन्ही हातांनी. माझी पाठ करकरली, पण पाय जागचे सुटेनात. ज्या एका कामासाठी त्या म्हाताऱ्याने मला तासून तासून हलकं केलं, ते काम आलं होतं, आणि मी दगडासारखी उभी. ती वाकली आणि तिला बोल्ट दिसले.

"हे कधी केलंत?"

"अगं, फोटो काढताना डुगडुगायची," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मी नको म्हटलं होतं."

"एकदाच म्हटलंस. तुमच्यात पहिलं नको कुठे धरतात?"

इतक्या वर्षांत तो तिची रीत शिकला होता तो प्रेमाने, असं आम्ही दोघी समजत होतो. ती त्याच्याकडे बघत राहिली. "खुर्चीचं तुम्हाला मी स्वतः सांगितलं होतं," एवढंच म्हणाली आणि रिकाम्या हाताने बाहेर गेली. उघड्या दारातून मला दिसत होतं. ती रस्त्याच्या मधोमध बराच वेळ उभी होती. खुर्चीवाचून उभ्या बाईला कोण विचारणार? एक गाडीवाला तेवढा थांबला. "कुठे जायचंय, ताई?" म्हणाला.

घरात ती नको नको म्हणत राहिली. नणंदबाईंनी पोरीची समजूत काढली, "तू जाणार म्हणून आईला भरून येतं. खरी हरकत असती तर खुर्ची घेऊन रस्त्यावर नसती का बसली?" लेकीने पोरीला माझी हकीकत सांगितली नाही. बापाने दिलेली खुर्ची आपण स्वतःच्या तोंडाने हातची घालवली, याची तिला लाज वाटत होती.

लग्न लागलं आणि नवरा-नवरी फोटोसाठी खाली आली. पोर माझ्यावर बसली, नवरा मागे उभा राहिला. फोटोवाला कॅमेऱ्यामागे होता. लेक पोरीच्या कपड्याची घडी सारखी करायला वाकली, तेव्हा पोर तिच्या कानाशी कुजबुजली.

"आई, मी रोज कॉलेजातून येताना रस्त्याकडे बघायचे. तू बसलेली दिसलीस की नाही म्हणणार होते. तू बसलीच नाहीस."

लेकीने पोरीचा हात धरला, खाली नेला आणि माझ्या पायाच्या पट्टीवर ठेवला. पोरीची बोटं चाचपडत बोल्टपाशी आली आणि तिथेच थांबली.

"हं, सगळ्यांनी इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. "जरा हसा!"

तो फोटो त्याने मोठा करून दर्शनी काचेत लावलाय. त्यात नवरीची मान खाली आहे. जाणारे-येणारे थांबतात, म्हणतात, बघा, किती लाजलीये!

लेक तेव्हापासून स्टुडिओत पाऊल टाकत नाही. पोर सासरी आहे, पुस्तकं इथेच माळ्यावर आहेत. मी पडद्यासमोर आहे, आणि डुगडुगत नाही म्हणून माझं कौतुक होतं.

तुम्हीही कधीतरी याल फोटो काढायला. बसण्याआधी एकदा वाकून माझ्या पायांकडे बघा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या खिशात पाना असेल, तर फोटो राहू द्या. हे बोल्ट काढा, मला उचला, एका हाताने उचलली जाईन मी, आणि बाहेर रस्त्यात नेऊन ठेवा. ती बसायला येईल की नाही, ठाऊक नाही. रिकामी का होईना, मला तिथे उभं राहायचंय.